लेथ विकायची का, अन् विकली तर कितीले?

संपादक साहेब, नमस्कार.

हिंगणघाटजवळच्या खेड्यात माझं वेल्डिंग-टर्निंगचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी एक बंद पडलेली जिनिंग मोडीत निघाली, तेव्हा तिथली म्हैसूर किर्लोस्करची, म्हणजे कर्नाटकातल्या हरिहरची, सहा फुटी लेथ (लोखंड गोल फिरवून कातायचं मशीन) मी भंगारच्या भावात उचलली. नऊ क्विंटलच्या वर भरली, २८ हजार मोजले. मग चार महिने रात्री बसून हेडस्टॉकचे, म्हणजे काम फिरवणाऱ्या डोक्याचे, बेअरिंग बदलले, मोटर रिवाइंड केली, हत्यार आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडचा नट नवा पाडला. सामानाचे ३१ हजार गेले अन् मजुरी धरलीच नाही, घरची मजुरी कोण धरते.

आता दुसरी मशीन आली, जागा नाही, पोरगा चाकणला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, म्हणून ही विकू म्हटलं तर भाव लावता लावता डोक्याचा भुगा झाला. भंगारवाला वजनकाटाच दाखवते. नागपूरचा दलाल फोटो पाहून ४५ हजार म्हणते अन् वरून रंग काहून मारला विचारते. रंग मारून चुकलोच बाप्पा, चकचकीत दिसली की गिऱ्हाइकाले वाटते काहीतरी लपवलं.

येणारा प्रत्येक जण हेडस्टॉकवर रुपयाचं नाणं उभं करून पाहते. नाणं उभं राह्यलं म्हणजे मशीन थरथरत नाही येवढंच कळते, बेड, म्हणजे मशीनचा लांब पाया, किती घासला ते नाही. बेड चकजवळच, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळच, जास्त घासते कारण रोजचं सगळं काम तिथंच होते, म्हणून सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारा हत्याराचा गाडा, टेलस्टॉककडं (दुसऱ्या टोकाले) टाइट करा अन् मग चकजवळ आणून हलवून पाहा, ढिलं लागलं की समजा. सहा इंच लांबीचा जाड गज नुसता चकमधे धरून हलका कट घ्या, दोन्ही टोकं मायक्रोमीटरनं मोजा. माझ्या मशीनवर ०.०३ मिमी फरक येते, मी आधीच सांगून देतो. पंपाच्या शाफ्टले, ट्रॅक्टरच्या पिनेले येवढं चालून जाते.

परवा आयटीआय झालेला एक पोट्टा आला, त्यानं नाण्याला हात नाही लावला. आधी चेंज गिअरचा, म्हणजे आटे पाडायला बदलायच्या गिअरचा, डब्बा उघडून गिअर मोजले, कारण एक जरी कमी असला तरी काही आटे पाडताच येत नाहीत. मग विचारते, काका, माझ्या घरी सिंगल फेज आहे. मी म्हटलं व्हीएफडी लाव, म्हणजे सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा डब्बा, दोन एचपीची मोटर आहे, चालते. दलालाले मी ८५ हजार सांगितले होते, ह्याले ७५ सांगितले, चार जबड्यांचं चक अन् लांब गजाले आधार देणारी स्टेडी त्यातच. तो म्हणते ४० आता, बाकीचे कापूस विकल्यावर.

तुमच्या छोट्या जाहिरातीत प्लॉट, गाड्या, स्थळं सगळं येते. जुन्या मशीनीसाठी आठवड्यातून एक चौकट ठेवली तर असे पोट्टे अन् आमच्यासारखे म्हातारे एकमेकांले सापडतील, नाहीतर मधात काटेवाला आहेच. पोट्ट्याले अजून हो म्हटलं नाही, पण लेथवरचं कव्हर मात्र काढून ठेवलं आहे.

एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा