‘होऊ द्या’ म्हणजे काय?

महोदय,

ख्रिस्ती लोकांविषयी एक वाक्य वाचकांच्या पत्रांत आणि चहाच्या टपरीवरही ठरलेले असते : ‘तुमचं बरं आहे. आठवडाभर वाटेल ते करा, रविवारी कबूल करा, सोमवारी पाटी कोरी!’ बोलणाऱ्याच्या मनात कुत्सितपणा असतोच असे नाही, आणि आमच्यातल्या काहींचे वागणे पाहिले तर त्याला फार दोषही देता येत नाही. पण मूळ शिकवण तशी नाही; तिची नेमकी खूण बायबलमधल्या ‘स्वतःचे रूपांतर होऊ द्या’ या शब्दांत आहे. मंडळ्यांतून (गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांतून) बायबलवर्ग घेताना जो गोंधळ पुन्हा पुन्हा समोर येतो तोही नेमका याच जागी असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला पत्र लिहिले, जे आज बायबलच्या नव्या करारात आहे, ते साधारण इ.स. ५७ च्या सुमारास, करिंथहून. अध्याय सोळा. बारावा अध्याय ‘म्हणून’ या शब्दाने उघडतो आणि सगळी मेख त्या शब्दात आहे. आधीच्या अकरा अध्यायांत मुख्यतः देवाने काय केले ते सांगितले आहे. माणसाने कसे वागावे हे ओळीने येते ते बाराव्यापासून पुढे. वाचकांना उद्देशून पहिली आज्ञा यायलाच सहावा अध्याय उजाडतो (६:११). तीही कसली, तर आपण पापाला मेलेले आणि देवाप्रीत्यर्थ जिवंत झालेले आहोत असे स्वतःला ‘माना’. या ‘माना’मागचे ग्रीक क्रियापद हिशेबाच्या वहीत चालणारे आहे. जे जमा झाले आहे ते जमेला धरा, असा त्याचा रोख. आधी रक्कम पडते, नोंद मागाहून होते. कृपा म्हणतात ती हीच. टपरीवरचा प्रश्न पौलालाही ठाऊक होता. ‘कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय?’ असे त्याने सहाव्या अध्यायाच्या आरंभीच विचारले आहे आणि लगेच साफ नकार दिला आहे.

कॅथलिकांच्या पापनिवेदनातही नुसते ‘चुकलो’ म्हणून सुटका नाही. विवेकाची झाडाझडती, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, कबुली, मग प्रायश्चित्त. दुसऱ्याचे पैसे खाल्ले असतील तर शक्य तितके परत करण्याची जबाबदारी उरतेच. याच कृपेच्या अर्थावरून सोळाव्या शतकात कॅथलिक आणि लुथरन (मार्टिन ल्यूथरचे अनुयायी) वेगळे झाले. त्या दोघांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्गला याच विषयावरील संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, ही गोष्ट आपल्याकडच्या फारच थोड्या ख्रिस्ती घरांत पोहोचली आहे.

आता बाराव्या अध्यायातली दुसरी ओवी. प्रचलित मराठी भाषांतरात ‘या युगाबरोबर समरूप होऊ नका’ आणि ‘मनाच्या नवीकरणाने स्वतःचे रूपांतर होऊ द्या’ असे शब्द आहेत. ‘करा’ म्हटलेले नाही, ‘होऊ द्या’ म्हटले आहे. भाषांतरकारांनी हे अचूक साधले आहे, कारण मूळ क्रियापद आज्ञार्थी असूनही कर्मणी आहे आणि सतत चालणाऱ्या क्रियेचे आहे. डोंगरावर येशूचे रूप पालटले, त्या प्रसंगी मत्तय आणि मार्क हेच क्रियापद वापरतात. तेव्हा माणसाकडे काम उरते, पण ते वेगळ्या जातीचे. दुधाला विरजण लावणाऱ्या बाईला हे समजावावे लागत नाही. दूध कोमट हवे, विरजण चांगले हवे, भांडे झाकून एका जागी ठेवायला हवे. दर दहा मिनिटांनी बोट घालून पाहिले तर दही लागत नाही.

झाकून ठेवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय? याची सर्वांत नेमकी कृती इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, २२ ते २४ या ओव्यांत. जुना मनुष्य काढून टाकायचा, मनोवृत्तीत नवे व्हायचे, नवा मनुष्य धारण करायचा. अंगावरचे कपडे बदलावेत तशी ही भाषा आहे आणि मधली पायरी मनाची आहे. बहुतेक जण पहिलीवर थांबतात. दारू सोडली, शिवी सोडली, झाले. पौल २८ व्या ओवीत चोराचे उदाहरण घेतो : चोराने चोरी थांबवावी, स्वतःच्या हातांनी काम करावे, आणि ते गरजवंताला देण्यासाठी आपल्यापाशी काही असावे म्हणून. नुसती चोरी थांबवणारा, पुन्हा संधी मिळेपर्यंत थांबलेला चोर असू शकतो. देऊ लागलेला माणूस पैशाकडेच वेगळ्या नजरेने पाहतो.

हेच एखाद्या दुकानदाराला लावून पाहा. काट्यात किलोमागे पन्नास ग्रॅम मारले जातात. पहिली पायरी, आजच काटा सरळ करणे. दुसरी, ‘सगळेच मारतात, भाड्याचे कसे निघणार’ हे मनातले वाक्य पकडून कागदावर लिहिणे आणि त्यासमोर ‘माझी भाकर काट्यावर अवलंबून नाही’ असे लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवणे. तिसरी, वहीत नावे असलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना मागची तूट भरून देणे. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या वाट्याचे गरजूंना. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करीन म्हटले (लूक १९:८). आणि येशू त्याच्या घरी उतरणार हे ठरल्यावर तो हे बोलला, आधी नव्हे. क्रम उलटा केला की भरपाईचा दंड होतो. माणूस तो कुरकुरत भरतो आणि वर्षभरात काटा पुन्हा वाकतो.

रोजच्या सरावासाठी आम्ही आठवड्याला एकच उतारा सुचवतो. सुरुवातीला रोम १२:९ ते २१, म्हणजे तेरा ओव्या. सकाळी दहा मिनिटे, मोठ्याने वाचायचे. डोळ्यांनी वाचलेले जिभेवर बसत नाही. मग आज ज्याच्याशी गाठ पडणार आहे अशा एका माणसाचे नाव ओवीशेजारी पेन्सिलीने लिहायचे : बांधावरून भांडणारा भाऊ, टोचून बोलणारी जाऊ, साहेब. रात्री पाच मिनिटे पुरतात. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या पद्धतीत रात्रीच्या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी आभाराची आहे, ती गाळू नये; गाळली की रोजची झडती आपल्याच अंगावर उठते आणि आठ दिवसांत वही बंद पडते. आभारानंतर एकच पाहायचे, आज तोंडातून किंवा मनातून निघालेला पहिला शब्द कोणता होता. दुसरा शब्द आपण सावरून बोलतो, मन कळते ते पहिल्यावरून. आठवड्यातून एकदा अर्धा तास एका विश्वासू माणसाजवळ हे खरे खरे सांगायचे (याकोब ५:१६). तो माणूस नवरा किंवा बायको नसलेला बरा. साधारण दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. तेव्हा उतारा बदलू नका, नाव बदला.

चुकते कुठे? पहिले म्हणजे ‘युगा’चे ‘जग’ होते. मूळ शब्द काळवाचक आहे, चालू जमान्याच्या साच्याविषयी. पण काही ठिकाणी त्या ओवीचा अर्थ टिकली नको, बांगडी नको, सिनेमा नको एवढ्यावर येऊन थांबतो. हुंडा, दिखाऊ लग्ने आणि जमिनीचे कज्जे हेही याच युगाचे साचे आहेत, त्यांना कोणी हात लावत नाही. दुसरे, ओवी एकट्याने वाचली जाते. तिच्या आधीच्या, पहिल्या ओवीत आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगितले आहे; तिथे ‘शरीरे’ अनेकवचनी आहेत, ‘यज्ञ’ एकवचनी. पौलाने पत्र एका मंडळीला लिहिले होते.

तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे. नवे मन हे मेंदूचे औषध नाही. नैराश्य किंवा भ्रम असलेल्याला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणे आणि गोळ्या बंद करायला लावणे याला बायबलमध्ये कसलाही आधार नाही. दारूचेही तसेच. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने प्रार्थनासभेत हात वर करून त्याच रात्री एकदम सोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. पाळकाने सोबत दवाखान्यात जावे, तेही सेवाकार्यच आहे.

आणि मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, घरी जा’ असे सांगताना बाराव्या अध्यायाचाच दाखला दिला जातो. अठराव्या ओवीत ‘शक्य असल्यास, तुमच्याकडून होईल तितके’ अशी मर्यादा स्पष्ट आहे. सूड न घेणे वेगळे आणि तक्रार न करणे वेगळे.

कृपा न उमगता माणूस किती वर्षे धर्म पाळू शकतो, हे पंडिता रमाबाईंनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा अर्थाची कबुली त्यांनी पुढे दिली आणि तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लागल्याचे सांगितले. दुष्काळातल्या मुली-बायकांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आसरा देणे, तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनचा छापखाना, हिब्रू-ग्रीक शिकून केलेले बायबलचे साध्या मराठीतले भाषांतर, हे सगळे त्यानंतरचे. ‘कृपा मानली की माणूस हातपाय गाळतो’ म्हणणाऱ्यांनी एकदा केडगावला जाऊन यावे.

रोमच्या मंडळीचा खरा पेच मात्र ताटाचा होता. चौदाव्या अध्यायात एक जण सर्व काही खातो, दुसरा फक्त भाजीपाला, आणि पहिला दुसऱ्याला तुच्छ लेखतो, दुसरा पहिल्याला दोष लावतो. नव्या मनाची परीक्षा पौलाने तिथे, पंगतीत घेतली. आपल्याकडे हे सर्वांत चांगले कळले ते लक्ष्मीबाई टिळकांना. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात सोवळे आणि वेगळी चूल सांभाळता सांभाळता, जात ही माणसाने केलेली आहे इथपर्यंत त्या स्वतः विचार करत आल्या. त्यांचा विटाळ आधी सुटला, बाप्तिस्मा मागून झाला.

आज सव्वाशे वर्षांनी ख्रिस्ती वधू-वरांच्या जाहिरातीत जात छापलेली नसते. ती फोनवर विचारली जाते, बहुधा तिसऱ्या-चौथ्या वाक्याला : ‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण मूळचे तुम्ही कोण?’ विचारणारे बहुधा तिसऱ्या-चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असतात, आणि रोम १२:२ त्यांना संडे स्कूलपासून तोंडपाठ असते.

— ग्रामीण मंडळ्यांतून बायबलवर्ग घेणारे काही शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा