वेश्वीच्या जेट्टीवरचे ते दोघे

ठाण्याहून लॅपटॉप घेऊन निघालो तेव्हा सोसायटीत सगळे हसले होते, "कोकणात रेंज मिळेल का रे?" चार दिवस मिळाली. पाचव्या दिवशी ओहोटी बघून हरिहरेश्वरची प्रदक्षिणा उरकली (भरतीत ती वाट बंद), बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेश्वीला उतरलो तर रेंज गायब, बॅटरी ६ टक्के, अकराची मीटिंग वीस मिनिटांवर.

टपरीवाल्या मावशींनी काही न विचारता फ्रीजचा प्लग काढून माझा चार्जर लावला. त्यांची कोल्ड्रिंक्स तासभर गरम होत राहिली. एका बाइकवाल्या पोराने आपल्या फोनचा हॉटस्पॉट दिला. पैसे देऊ केले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दादा, नेट उरतंच." नाव विचारायचं राहिलं, कारण मी म्यूटवर आहे की नाही याच गोंधळात होतो.

इकडे नौपाड्यात शेजारच्या काकांनी घर उघडून राउटर सुरू केला, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल मिळाली. त्यांनी नाव लिहू नकोस म्हटलंय.

तिघांचेही मनापासून आभार. मावशी, दोन चहांचे पैसे द्यायचे राहिलेत. दिवाळीनंतर येतोय.