पीएचसीच्या डॉक्टरला पीएचसीसाठी कधी शिकवणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) मी २६ वर्षे औषधनिर्माण अधिकारी होतो. गावाच्या भाषेत ‘गोळ्यावाले भाऊ’. औषधसाठ्याच्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी एक यादी ठेवली होती. केंद्रात आलेले वैद्यकीय अधिकारी, रुजू झाल्याची तारीख, गेल्याची तारीख. निवृत्त होताना मोजली, तर दोन पदांवर मिळून ३१ नावे निघाली. सर्वांत जास्त टिकलेले सात वर्षे, सर्वांत कमी टिकलेले अकरा दिवस, आणि त्या अकरात दोन रविवार.

ही वही आठवण्याचे कारण म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांच्या बातम्या. अलिबाग, सिंधुदुर्ग, मग रत्नागिरी अशी कोकणात पाठोपाठ सरकारी महाविद्यालये आली. आनंदच आहे. पण दर वेळी एमबीबीएसच्या जागा वाढल्या की ‘ग्रामीण भागाला डॉक्टर मिळणार’ असे छापून येते. ते वाचले की मला आमच्या मॅडमची आठवण होते.

मॅडम बॉण्डवर आल्या होत्या. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाले की एक वर्ष सेवा द्यायची, नाहीतर दहा लाख भरायचे, तो बॉण्ड. हुशार मुलगी. येऊन आठवडाही झाला नव्हता. जुलै महिना, रात्री साडेनऊची वेळ, लाइट गेलेली. गवत कापताना फुरसे चावलेल्या एका बाईला घेऊन चौघे जण आले. एकाच्या हातात प्लास्टिकची बरणी, आत फुरसे. रक्त गोठते का हे बघायला काचेची कोरडी, स्वच्छ नळी लागते. प्लास्टिकची चालत नाही. ती मी स्टोअरमधून शोधून दिली. मॅडमनी रक्त घेतले, नळी उभी ठेवली आणि वीस मिनिटे कोणाला हात लावू दिला नाही. सगळे पुस्तकाप्रमाणे. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखे वाहिले. म्हणजे विष भिनले होते.

मला विचारले, “भाऊ, एएसव्ही किती आहे?” एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचे इंजेक्शन. म्हटले, बारा बाटल्या. दहा द्यायच्या हे त्यांना ठाऊक होते. पण हे इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या हाताने कधीच दिले नव्हते. रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचे, हे त्यांनी वाचले होते, पाहिले नव्हते. सिस्टरनी अ‍ॅड्रेनलिन भरून हातात तयार ठेवले, तरी मॅडम फोनला रेंज मिळवायला अंगणात फेऱ्या घालत होत्या. कॉलेजातल्या कोणा सीनियरला विचारायचे होते. त्यात अर्धा तास गेला. शेवटी दोन बाटल्या दिल्या आणि १०८ बोलावून बाईला पुढे पाठवले. बाई वाचली, पण मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी ओपीडी संपल्यावर मॅडम माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, “भाऊ, या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत एकदाही चुकवलं नव्हतं.”

सप्टेंबरात पुन्हा फुरशाचा पेशंट आला. तेव्हा त्याच मॅडमनी न घाबरता दहा बाटल्या दिल्या आणि रात्रभर पेशंटजवळ खुर्ची टाकून बसल्या. म्हणजे प्रशिक्षण झाले. फक्त ते एका बाईच्या जिवावर झाले. मे महिन्यापर्यंत मॅडम अशा तयार झाल्या होत्या की गरोदर बायका “मॅडम हायत काय?” विचारूनच आत येत. आणि मग बॉण्ड संपला. आज त्या एका शहरात सोनोग्राफी करतात. त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. मी त्यांचा बाप असतो तर मीही हेच सांगितले असते.

मुद्दा असा की पीएचसीचे काम हे एक स्वतंत्र काम आहे आणि ते कोणी शिकवत नाही. सपाटीला तीस हजार आणि डोंगराळ भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र, असा निकष आहे. तिथला डॉक्टर सकाळी बीपी-शुगरच्या म्हाताऱ्यांना बघतो, मग खरूज, ताप, कुत्रा चावलेला पोरगा, टीबीची औषधे मध्येच सोडलेला खलाशी. दुपारी तालुक्याला आढावा बैठक, संध्याकाळी पोर्टल भरणे, रात्री बाळंतपण. एमबीबीएसमध्ये यातला एकेक तुकडा वेगवेगळ्या विभागात, मोठ्या रुग्णालयात, डोक्यावर तीन सीनियर असताना बघायला मिळतो. आणि इंटर्नशिपचे वर्ष? ते पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, प्रवेश परीक्षेचे एमसीक्यू सोडवण्यात जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या इंटर्नच्या एप्रनच्या खिशात स्टेथोस्कोप कमी आणि मोबाइल जास्त असे.

सरकार डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणावर काहीच करत नाही, असे कोणी म्हणू नये. सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पीजीसाठी राखीव जागा देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये मान्य केला आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये असा २० टक्के कोटा ठेवला. अडचणीच्या भागात नोकरी केली की प्रवेशासाठी वाढीव गुण देण्याचीही तरतूद आहे. चांगल्या गोष्टी आहेत. पण याचा आमच्या केंद्रावर झालेला परिणाम माझ्या वहीत आहे. पीजीला गेलेल्यांपैकी एकही डॉक्टर परत पीएचसीत आला नाही. कोणी अस्थिरोगतज्ज्ञ झाले, कोणी भूलतज्ज्ञ. त्यांची जागा साहजिकच मोठ्या रुग्णालयात. सरकार प्राथमिक आरोग्याच्या डॉक्टरला पुढे शिकवते ते प्राथमिक आरोग्यातून बाहेर पडण्यासाठी. आत राहून वर चढण्याची शिडीच नाही.

तसा विषय अस्तित्वात आहे. ‘फॅमिली मेडिसिन’, म्हणजे घरातल्या लहानथोरांच्या नेहमीच्या आजारांचे वैद्यक. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, अलीकडे दोन वर्षांची पदविकाही आहे. केरळात कोझिकोडच्या सरकारी महाविद्यालयाने त्यात एमडी सुरू केली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या विषयाला उत्तेजन द्यावे असे लिहिले आहे, २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यातही त्याचा उल्लेख आहे. त्याही आधी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने गावासाठी कसा डॉक्टर हवा हे सांगून ठेवले होते. कागद भरपूर आहे. पण माझ्या नोकरीत फॅमिली मेडिसिन शिकलेल्या डॉक्टरसाठी वेगळे पद किंवा वेगळी वेतनश्रेणी मी कधी पाहिली नाही. तीन वर्षे शिकून पुन्हा त्याच खुर्चीत, त्याच पगारावर बसायचे असेल तर कोण शिकेल?

ब्रिटनमध्ये एमबीबीएस होऊन कोणी थेट ‘जीपी’ची, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरची, पाटी लावू शकत नाही. इस्पितळात आणि जीपींच्या दवाखान्यात मिळून तीन वर्षे पगारी प्रशिक्षण घ्यावे लागते. १९८० च्या दशकापासून ते सक्तीचे आहे. गंमत म्हणजे आपल्याकडची मराठी मुले तिकडे जाऊन हेच प्रशिक्षण मन लावून घेतात. इथे ज्या कामाला ‘नुसता एमबीबीएस’ म्हणतात, तेच काम तिथे शिकण्यासाठी ती रांगेत उभी राहतात.

यावर कोणी डॉ. हिंमतराव बावस्करांचे नाव घेईल. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी विंचू चावलेल्या मुलांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून मुले वाचवली आणि ते काम ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मधे पुण्याला जाऊन एमडी केली आणि परत महाडलाच आले. आम्हा कोकणवासीयांना त्यांचा अभिमान आहे. पण दर भाषणात “तळमळ असली की सगळं होतं” म्हणून त्यांचे उदाहरण देणाऱ्यांचा मला राग येतो. आरोग्य खात्याला तळमळीची भरती करता येत नाही. प्रशिक्षित माणसांची करता येते.

काय करावे, हे सांगण्याचा माझा अधिकार तो काय! तरी सांगतो. रत्नागिरीच्या नव्या महाविद्यालयाला फॅमिली मेडिसिनच्या जागा द्याव्यात, विद्यावेतन राज्याने द्यावे आणि शिकवणी महाविद्यालयाच्या इमारतीत कमी, बाहेर जास्त असावी. दापोली, कळंबणी, कामथे इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. तिथे बाळंतपण, लहान मुले, अपघात शिकता येतील. उरलेला काळ पीएचसीत, अनुभवी डॉक्टरच्या हाताखाली. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. ती व्यवस्था बसवता आली, तर ही का नाही? गावोगाव चाळीस-चाळीस वर्षे दवाखाना चालवलेले खासगी डॉक्टर आहेत, त्यांना मानधन देऊन शिकवायला बोलवा. सेवांतर्गत कोट्याचा एक वाटा याच विषयासाठी बांधून ठेवा. आणि शिकून पीएचसीत राहणाऱ्याला तज्ज्ञाचा दर्जा आणि तज्ज्ञाचा पगार द्या. शेवटचे झाले नाही तर आधीचे सगळे करू नका, पैसे वाया जातील.

“आधीच तज्ज्ञ कमी, त्यात हे कशाला” असे म्हणतील. अहो, आमच्याकडून वर पाठवलेल्या चिठ्ठ्यांपैकी कितीतरी नुसत्या भीतीपोटी लिहिलेल्या असत. तज्ज्ञांची ओपीडी त्यांनीच भरते.

जाता जाता एक. सात वर्षे टिकलेले ते डॉक्टर बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर, सेवेत गट ब चे अधिकारी होते. त्यांना कोणी काही शिकवले नाही. जे शिकले ते सिस्टरांकडून आणि चुकांतून शिकले. प्रशिक्षणाची दारे उघडाल तेव्हा गट ब च्या या लोकांसाठी, त्यांच्या कामाला साजेसा का होईना, अभ्यासक्रम ठेवा. राहणारे तेच आहेत.

प्रशिक्षणाला येणाऱ्यांच्या राहण्याची सोय कुठे करायची, असा प्रश्न मंत्रालयातून येईल. आमच्या केंद्राच्या आवारात डॉक्टरांचे क्वार्टर आहे, दोन खोल्या आणि ओटा. बरेच दिवस रिकामे आहे. पावसाळ्याआधी कौले तेवढी चाळून घ्यावी लागतील, मागच्या खोलीत गळते.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
जि. रत्नागिरी