हवानाच्या बिशपांचाही उल्लेख हवा होता

महोदय,

देवीच्या लसीवरील लेखमालेचा पहिला भाग आवडला. मात्र धर्मगुरूंनी सगळीकडे लसीला विरोधच केला, हे त्यातले विधान सरसकट झाले आहे. स्पेनच्या ताब्यातल्या क्युबात नेमके उलट घडले. तिथे लसीच्या पाठीशी उभे राहिले ते खुद्द हवानाचे बिशप, हुआन होसे दियास दे एस्पादा.

हे मूळचे स्पेनच्या आलावा प्रांतातले. १८०२ मध्ये हवानाला आले आणि आल्या आल्या पीतज्वराने आडवे झाले. डॉ. तोमास रोमाय यांनी त्यांना वाचवले आणि दोघांची गट्टी जमली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली होती. हवानाला ती मिळायला १८०४ चा फेब्रुवारी उजाडला. पोर्तो रिकोहून आलेल्या एका बाईंचा मुलगा आणि दोन गुलाम मुली यांच्या अंगावर लसीचे फोड होते. रोमाय यांनी त्यांतूनच लस घेतली आणि स्वतःच्या मुलांना टोचली. मे महिन्यात स्पेनच्या राजाने पाठवलेली डॉ. बाल्मिस यांची लसीकरण मोहीम बंदराला लागली, तेव्हा काम सुरूही झाले होते. बिशपांनी आपल्या धर्मगुरूंना प्रचाराला जुंपले. वेदीवरून सांगितलेली गोष्ट घराघरांत किती लवकर पोहोचते, हे आम्हा वसईकरांना वेगळे सांगायला नको!

खरी कसोटी लागली ती दफनभूमीच्या वेळी. वसई किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये ज्यांनी जमिनीतल्या कोरीव शिळा पाहिल्या आहेत, त्यांना जुनी रीत ठाऊक असेल. मयताला चर्चच्या फरशीखालीच पुरत. ऐपतवाल्याला वेदीजवळची जागा, गरिबाला लांबची. हवानाच्या उकाड्यात फरशी पुन्हा पुन्हा उकरली की मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बसणे मुश्कील होई. शहराबाहेर पुरण्याचा राजाचा हुकूम १७८७ पासून होता, पण कागदावरच. पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडायला बडी घराणी कशी तयार होणार? एस्पादांनी पत्रक काढून लोकांना समजावले आणि २ फेब्रुवारी १८०६ रोजी तटाबाहेरची दफनभूमी खुली केली. तिला पुढे त्यांचेच नाव पडले.

१८२० मध्ये स्पेनमध्ये संविधान पुन्हा लागू झाले. दुसऱ्याच वर्षी एस्पादांच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, चक्क संविधानाचे वर्ग भरू लागले. शिकवायला होते फादर फेलिक्स व्हारेला. हेच व्हारेला पुढे स्पेनच्या संसदेत गेले, त्यांनी गुलामगिरी संपवण्याचा आराखडा तयार केला आणि राजाची निरंकुश सत्ता परतल्यावर त्यांना अमेरिकेत परागंदा व्हावे लागले. एस्पादांवरही पाखंडाचे, फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे सदस्य असल्याचे आरोप झाले, त्यांना स्पेनला बोलावण्याचे प्रयत्न झाले. प्रकृतीचे कारण पुढे करत ते हवानातच राहिले आणि १८३२ मध्ये पदावर असतानाच वारले.

त्यांना संत ठरवण्याचा माझा हेतू नाही. गुलामांच्या जिवावर चालणाऱ्या मोठ्या मळ्यांपेक्षा छोटे शेतकरी वाढावेत, असे त्यांनी १८०८ मध्ये लिहिले खरे. पण साखरेच्या पैशापुढे त्यांचे काही चालले नाही. क्युबातली गुलामगिरी संपायला १८८६ साल यावे लागले. तरी लसीच्या इतिहासात रोमाय यांच्या जोडीने एस्पादांना जागा हवीच. पुढच्या भागात लेखकांनी ती द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, वसई