काकाजी, त्या खडूच्या रेघेसाठी

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फार वाचत नाही, ठाऊक आहे मला. नातवाला सांगा, तो वाचून दाखवेल. चारचौघांत लिहिते आहे, कारण गाडीचं काम पुरं झालं त्या दिवशी समोरासमोर मला काही बोलताच आलं नाही. फाटकापाशी तुम्ही स्कूटर सुरू केली आणि माझ्या तोंडून फक्त "सावकाश जा, काकाजी" एवढंच निघालं. मग आत येऊन बाबांच्या जिप्सीच्या मागे उभी राहिले, ते दार दहा वेळा उघडलं आणि मिटलं, आणि रडले.

बाबा गेल्यावर भिवापूरकडची शेती माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत ही गाडीही. शेवटचे दोन किलोमीटर पांदण रस्ता, सगळी काळी माती. पाऊस पडला की चारही चाकांना जोर लागल्याशिवाय तिथून कोणी हलत नाही. म्हणून मोठे टायर घातले, 235/75, 15 इंची रिमचे. स्टेपनी उभी केली तर 73 सेंटीमीटर भरते आणि लोखंडी रिमसकट वजन 25 किलोच्या वर. हे सगळं लटकत होतं मागच्या दारावर, दोन बिजागऱ्यांच्या भरवशावर. मिरची तोडणीच्या दिवसांत ते दार मी दिवसातून वीस वेळा उघडते. दार खाली बसलं, मग खडखडायला लागलं, मग बिजागरीजवळचा पत्रा फाटला.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन गॅरेजं केली होती. पहिल्याने फाटक्या पत्र्यावर जाड पट्टी वेल्ड करून दिली, ती एका पावसाळ्यात गेली. दुसऱ्याला मी स्वतः कागदावर चित्र काढून दाखवलं की स्टेपनीसाठी वेगळा फिरता आर्म हवा, दाराशी त्याचा संबंधच नको. त्याने अ‍ॅडव्हान्स घेतला आणि अंगणाच्या फाटकाला लावतात तसली बिजागरी बंपरवर ठोकून दिली. मी शंका काढली तर म्हणाला, "मॅडम, घरी कोणी जेन्ट्स असतील तर पाठवा, त्यांना समजावून सांगतो." त्याच आठवड्यात उमरेडच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली, आर्म अडकवून ठेवणारं लॅच सुटलं आणि स्टेपनीसकट तो आर्म रस्त्याच्या मधोमध झुलला. मागून एक बाई स्कूटरवर लहान मुलाला घेऊन येत होती. तिने वेळेत ब्रेक लावला. तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या माणसाला फोन केला, तर गाडी चालवण्यात माझीच चूक होती असं त्याने सांगितलं. अ‍ॅडव्हान्स तर गेलाच.

अशा मनःस्थितीत नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या तुमच्या लेथपाशी आले होते मी. तुम्ही काही विचारण्याआधी गाडीच्या मागे उकिडवे बसलात, स्टेपनीखाली हात घालून ती जराशी उचललीत आणि बिजागरीकडे बघत राहिलात. म्हणालात, "दरवाजा माणसाले उघडासाठी असते बेटा, वजन वाहासाठी नाई. वजन चेसिसले देऊ." दोन वर्षं मी हेच सांगत होते. पहिल्यांदा दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं.

काम घरीच, आमच्या मानेवाड्याच्या अंगणात करायचं आणि मी हाताखाली राहायचं, हे तुम्ही लगेच मान्य केलंत. इतवारीतल्या लोहाओळीतून चौकोनी पाइप मी आणला. कापणं, घासणं, भोकं पाडणं मी केलं. आर्म ज्यावर फिरतो तो खुंट तुम्ही लेथवर काढलात, त्यात एकमेकांकडे तोंड केलेली दोन टेपर रोलर बेअरिंग बसवलीत. वेल्डिंगआधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढायला लावलीत. आधी नुसते टाके मारून चाक चढवून बघायचं, मगच पक्कं जोडायचं, हा तुमचा नियम. आर्म मिटला की टोक एका पाचरीवर चढून बसतं, म्हणून वजन लॅचवर येतच नाही. उमरेडच्या रस्त्यावर नेमकं काय चुकलं होतं, ते मला ती पाचर बघून कळलं.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्या रविवारचं.

काम संपल्यात जमा होतं. लॅचचं हँडल बंपरच्या उंचीवर जोडून झालं होतं, फक्त प्राइमर बाकी होता. तुम्ही चहाचा कप ठेवलात आणि विचारलंत, "हे दार रोज कोन उघडते?" मी म्हटलं, मीच. "हातात काय असते तवा?" म्हटलं, पोतं नाहीतर क्रेट. तुम्ही पडवीतला रिकामा क्रेट उचलून माझ्या डाव्या हातात दिलात. "आता इथी उभ्या राहा. डोये मिटा अन् उजवा हात लावा. जिथी हात जाईन तिथी हँडल."

मी डोळे मिटले. हात जिथे टेकला तिथे तुम्ही खडूने रेघ ओढलीत. बंपरपासून चांगली दीड वीत वर. मग काही न बोलता ग्राइंडर घेतलात आणि आदल्या रविवारी स्वतः जोडलेलं हँडल कापून टाकलंत. खालच्या लॅचपासून वर रेघेपर्यंत एक सळई आणलीत आणि तिच्या टोकाला नवं हँडल. मे महिन्यातली दुपार, अंगणातली फरशी तापलेली, डोक्याला ओला दुपट्टा, आणि तुम्ही तास-दीड तास त्या एका हँडलपाशी बसलेले. नातू बिचारा मध्येमध्ये पाणी आणून देत होता.

ते हँडल तसंच राहिलं असतं तरी चाललं असतं. रोज वाकून उघडलं असतं मी, तक्रारही केली नसती. आजवर सगळ्यांनी गाडीचं माप घेतलं होतं. माझ्या हाताचं माप कोणी घेतलं नव्हतं. बाबा माझ्यासाठी ड्रायव्हर सीटवर उशी शिवून घेऊन आले होते, त्यानंतर या गाडीत माझ्यासाठी म्हणून झालेली ही पहिली गोष्ट.

मजुरी तुम्ही ठरली तेवढीच घेतलीत. त्या वाढीव कामाचे पैसे देऊ केले तर म्हणालात, "ते माझंच चुकलं होतं, आधी विचाराले पायजे होतं." काकाजी, ज्यांचं खरंच चुकलं होतं त्यांच्या तोंडून हे वाक्य मला दोन वर्षांत ऐकायला मिळालं नाही. या शहरात, हिंगण्यापासून वाडीपर्यंत, टिनाच्या शेडमध्ये बसून असं नेकीनं काम करणारी माणसं असतील अजून. दारावर मोठी पाटी नसते म्हणून आमच्यासारख्यांना ती उशिरा भेटतात. मला तुम्ही भेटलात. आता कोणी गाडीचं काम विचारलं की मी आधी एवढंच सांगते: जो तुम्हाला विचारेल की हे वापरणार कोण, त्याच्याकडे जा.

पावसाळा सुरू झालाय. पांदण रस्त्यावरून चार फेऱ्या झाल्या. आर्म हलत नाही, दार खडखडत नाही. सांगितल्याप्रमाणे खुंटाला ग्रीस दिलं. आर्मला काळा रंग लावला, पण रेघेजवळ आल्यावर ब्रश थांबला, म्हणून तिथे आधी खिळ्याने खूण कोरून घेतली.

पोळ्याला शेतावर या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आहे, तेव्हा नातवाला आणि त्याच्या लाकडी बैलालाही घेऊन या. बैल मागे ठेवू. दार मी उघडीन.

तुमची,
मानेवाड्याची जिप्सीवाली