तक्ता वाचता आला, तरी नंबर असू शकतो

संपादक महोदय,

डोळ्यांच्या आरोग्यावरील लेखांत ‘दूरदृष्टिता म्हणजे लांबचे स्पष्ट, जवळचे अस्पष्ट दिसणे’ ही व्याख्या हमखास असते. ती वाचून चाळिशीतल्या माणसाला आपल्यालाच हा दोष आहे असे वाटते, आणि ज्या मुलांना तो खरोखर असतो त्यांचे पालक निर्धास्त राहतात. चाळिशी, म्हणजे वृद्धदृष्टिता, नेत्रभिंगाची लवचिकता उतरल्याने येते. ती कुणालाच चुकत नाही. दूरदृष्टितेत बहुधा नेत्रगोलच लांबीला कमी भरतो. प्रौढ डोळा साधारण २४ मिमी लांब असतो. त्यात १ मिमी कमी पडला, तर सुमारे ३ डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजण्याचे एकक) प्लस नंबर येतो.

मग असे मूल दृष्टी तपासण्याच्या तक्त्याची शेवटची ओळ कशी वाचते? डोळ्यातले भिंग फुगवून. दहा वर्षांच्या मुलाचे भिंग १२ ते १४ डायॉप्टर जादा ताकद लावू शकते. प्लस ३ नंबरचे मूल लांब पाहतानाच त्यातले ३ खर्ची घालते आणि सहा मीटरवरचा तक्ता ६/६, म्हणजे निकोप डोळ्याइतका, वाचते. ‘दृष्टी उत्तम’ असा शेरा मिळतो. तेच मूल ३३ सेंमीवर पुस्तक धरते तेव्हा आणखी ३ लागतात. एकूण ६, म्हणजे नंबर नसलेल्या मुलाच्या दुप्पट. थोडा वेळ निभावते. मग कपाळ दुखू लागते, ओळ सुटते, मूल डोळे चोळते, आणि घरचे ठरवून टाकतात की याला अभ्यास नको आहे. (या निदानात शिक्षकही मागे नसतात.)

शाळेतल्या तपासणीत एक भर सहज घालता येईल. तक्ता वाचून झाला की त्याच डोळ्यापुढे प्लस २ चे भिंग धरून पुन्हा वाचायला सांगावे. नंबर नसेल तर खालच्या ओळी धूसर होतात. तरीही त्या वाचता आल्या तर प्लस नंबर दडला आहे असे समजून मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. दुसरा डोळा नीट झाकलेला हवा; बोटांच्या फटीतून मुले सर्रास वाचतात.

पुढची तपासणी थेंब घालूनच व्हावी. सायक्लोपेंटोलेट १ टक्क्याचा एक थेंब, पाच-दहा मिनिटांनी दुसरा, आणि अर्ध्या-पाऊण तासाने भिंगाचा स्नायू सैल पडला की रेटिनोस्कोपने (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर मोजण्याच्या उपकरणाने) नंबर काढायचा. थेंबांशिवाय नुसत्या मशिनवर मुलाचा प्लस नंबर कमी येतो, कधी तर चक्क मायनस निघतो, आणि तो चष्मा लावला की ताण उलट वाढतो. थेंबांनंतर साधारण दिवसभर जवळचे धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात. त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नये.

प्रत्येक प्लस नंबरला चष्मा लागतोच असे नाही. नवजात बाळाला प्लस २-३ असणे स्वाभाविक आहे, वाढीबरोबर तो उतरतो. डोळे सरळ आहेत, तक्रार नाही, अशा शाळकरी मुलाला प्लस १ साठी चष्मा लावणे माझ्या मते अनावश्यक. मात्र दोन गोष्टी दिसल्या तर थांबू नये. एक, जवळ पाहताना डोळा नाकाकडे वळणे: भिंग फुगवणे आणि डोळे आत वळणे या क्रिया जोडलेल्या असल्याने बहुधा दोन-तीन वर्षांच्या वयात हा तिरळेपणा दिसू लागतो. दुसरी, दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत १ डायॉप्टर किंवा अधिक फरक. जास्त नंबरच्या डोळ्याचे चित्र सतत धूसर राहते, मेंदू ते बाजूला टाकू लागतो आणि तो डोळा आळशी होतो. चष्मा आणि गरजेनुसार चांगल्या डोळ्यावर पट्टी, आळशीपणा मध्यम असेल तर रोज दोन तास, हे उपचार सात वर्षांच्या आत सुरू झाले तर गुण चांगला येतो.

खरी गडबड चष्मा मिळाल्यावर होते. स्नायू एकदम सैल पडत नाही, म्हणून पहिले काही आठवडे मूल ‘चष्म्यातून लांबचे अंधुक दिसते’ म्हणते. पालक चष्मा ठेवून देतात किंवा दुकानातून नंबर कमी करून आणतात. तसे करू नये. चष्मा दिवसभर राहू द्यावा, तक्रार थांबली नाही तर तपासणाऱ्याकडेच परत जावे. तिरळेपणा असलेल्या मुलाचा डोळा चष्म्यात सरळ राहतो आणि चष्मा काढताच वळतो, तेव्हा तो चष्म्याने बिघडलेला नसतो. भिंगावरचा भार परत आलेला असतो.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट