मुकरच्या काका, मनापासून थँक्यू

काका, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही हे माहितीय, इंग्लिशमधलं कार्ड वेगळं पाठवतेय, पण मनातलं मला मराठीतच नीट लिहिता येतं म्हणून हे इथे.

जूनमधे मी आणि बाबा लीड्सहून यॉर्कशायरमधल्या स्वेलडेल खोऱ्यात आलो होतो. बाबा रत्नागिरीकडचे, पहिल्यांदाच इंग्लंडला, पंधरा दिवस माझ्या फ्लॅटमधे बसून पार कंटाळलेले. केल्ड गावाहून किस्डनच्या डोंगरावरून तुमच्या मुकर गावात उतरताना त्यांचा पाय मुरगळला, बस निघून गेलेली, फोनला रेंज नाही, मला तर रडूच यायला लागलं. तुम्ही जीप थांबवलीत आणि बाबांना हाताला धरून पुढे बसवलंत.

वाटेत तुम्ही सांगितलंत की ही मढी न्यायची वाट, 1580 मधे मुकरला चर्च आणि दफनभूमी झाली त्याच्याआधी वरच्या गावातली माणसं आपली मढी विणलेल्या टोपलीत घालून खांद्यावरून पार ग्रिंटनला न्यायची. मी बाबांना मराठीत सांगितलं तर ते म्हणाले, आपल्या वाडीतनं पण आजारी माणसाला डोलीतनंच खाली आणायचे की. मग गप्पच बसले बराच वेळ.

आणि नंतर तो गडगा! तुमच्या गवताच्या कुरणाच्या कडेची भिंत थोडी ढासळलेली, बाबा म्हणाले थांबव जरा. बाबांनी कोकणात आयुष्यभर गडगे घातलेत, सिमेंट नाही चुना नाही, नुसता दगडावर दगड. तुम्ही दाखवलंत की भिंतीचे दोन पदर असतात, वर जाताना निमुळते होतात, मधे बारीक दगड ठासून भरायचे आणि अधूनमधून दोन्ही पदर बांधून ठेवायला लांब दगड आरपार घालायचा. बाबा वितीने मोजत होते, तुम्ही यॉर्कशायरी बोलताय ते मालवणी मिसळून बोलतायत, मी भाषांतर करायचं सोडूनच दिलं, गरजच नव्हती. अर्धा तास गेला तुमचा, कापणीची तयारी चालू असताना. लिफ्ट कुणीही दिली असती कदाचित, पण तो अर्धा तास नाही.

इथे आल्यापासून बाबांना कुणी त्यांच्या कामाबद्दल विचारलंच नव्हतं हो काका. मी पण नाही.

परवा गावाहून बाबांचा फोन आला, पावसात परसातला गडगा कोसळला तो ते पुन्हा घालतायत, दोन पदरी. फोटो कार्डात टाकलाय, आडवा लांब दगड डावीकडे दिसेल.